व्हिसा लागत नाही, मग काय काय लागतं?

सांगलीत विश्रामबागला तिकीट बुकिंगचं काम करताना एक वाक्य रोज कानावर पडतं. "दादा, तिथं व्हिसा लागत नाही म्हणे. मग पासपोर्ट घेतला की झालं, नाही का?" द्राक्षाचा हंगाम आटोपून हातात पैसा आला की तासगाव-पलूसकडची मंडळी येतात, उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिक्षक जोडपी येतात, साताऱ्याहून, कराडहून फोन येतात. प्रश्न हाच असतो. आणि दरवेळी मी त्यांना खुर्ची देतो, चहा सांगतो, कारण याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही.

आधी व्हिसा म्हणजे काय ते पाहू. आपण अजून आपल्या घरात असतानाच परक्या देशाने केलेली आपली चौकशी म्हणजे व्हिसा. बँकेचं स्टेटमेंट, आयकराचं रिटर्न, नोकरीचं पत्र, सातबारा, जे मागतील ते द्यायचं. पटलं तर शिक्का, नाही पटलं तर नकार. नकार आला तरी माणूस घरीच असतो. फी बुडते, मन खट्टू होतं, पण त्यापलीकडे फारसं काही जात नाही.

व्हिसामाफीत ही आधीची चौकशी तेवढी वगळलेली असते. प्रश्न तेच राहतात: तुम्ही कोण, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, परत जाणार ना? फक्त ते आता उंबऱ्यावर विचारतात. उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर विमानाचं तिकीट, हॉटेल, सुट्टी, सगळं खर्ची पडलेलं असतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की जिथे व्हिसा लागत नाही तिथे जाताना कागद जास्त काळजीने जुळवा, कारण ते आधी कुणीही तपासून दिलेले नसतात.

आपल्याकडे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट "व्हिसा फ्री" म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. खरी व्हिसामाफी म्हणजे आधी अर्ज नाही, फी नाही, थेट दारात जायचं. मलेशिया, मॉरिशस, फिलिपिन्स, कझाकस्तान हे आपल्यासाठी त्यात मोडतात. दुसरा प्रकार पोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचा. बाली म्हणजे इंडोनेशिया. तिथे विमानतळावर उतरल्यावर पाच लाख रुपया, म्हणजे त्यांचे रुपया, भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. ही माफी नाही, फक्त रांग तिकडे हलवली आहे. तिसरा प्रकार ऑनलाइन पूर्वपरवानगीचा. केनियाने २०२४ च्या जानेवारीत सगळ्या जगासाठी व्हिसा उठवल्याचं जाहीर केलं, पण त्याच्या जागी तीस डॉलरची ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. श्रीलंकेलाही आधी ऑनलाइन परवाना घेऊन निघालेलं बरं. हाँगकाँगला चौदा दिवस व्हिसाविना राहता येतं, पण २०१७ पासून भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करून तिचा कागद छापून न्यावा लागतो. तो कागद नसेल तर मुंबईलाच अडवतात.

मुंबईलाच का? इथे एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं होतं. तुमची पहिली तपासणी परदेशी अधिकारी करत नाही, विमान कंपनीच्या काउंटरवर बसलेली मुलगी करते. ज्याला प्रवेश मिळणार नाही असा प्रवासी कंपनीने नेला, तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, आणि अनेक देश वर दंडही लावतात. म्हणून त्यांच्या संगणकात टिमॅटिक नावाची यादी असते. जगातल्या विमान कंपन्यांची जी संघटना आहे, आयाटा, तिची ही व्यवस्था. कुठल्या पासपोर्टवर कुठल्या देशात जायला काय लागतं हे त्यात लिहिलेलं असतं. काउंटरवरच्या मुलीने त्यात पाहिलं आणि तुमच्याकडे त्यातला एक कागद नसेल, तर तिच्या हातात काही राहत नाही. विनवणी करून उपयोग नसतो. त्यानंतर आपलं भारतीय इमिग्रेशन, आणि सगळ्यात शेवटी त्या देशाचा अधिकारी. अशी तीन दारं आहेत, आणि पहिलं दार सगळ्यात कडक असतं हा माझा अनुभव.

एका मे महिन्यातली गोष्ट सांगतो. क्वालालंपूरला जाणारा अकरा जणांचा ग्रुप होता. त्यांना सोडायला मी मुंबईपर्यंत गेलो होतो. त्यातल्या एका कुटुंबाने आपली तिकिटं स्वतःच ऑनलाइन काढली होती. आई, वडील, कॉलेजला जाणारा मुलगा आणि आठवीतली मुलगी. रात्रीचे नऊ वाजले होते. काउंटरवर वडिलांचा पासपोर्ट झाला, आईचा झाला, मुलाचा झाला. मुलीचा पासपोर्ट उघडला आणि काउंटरवरच्या मुलीचं बोट एका तारखेवर थांबलं. तिने मनात मोजलं, मग कॅलेंडर काढून मोजलं, मग सुपरवायझरला बोलावलं. मुदत संपायला चार महिने वीस दिवस होते. आईला काही केल्या कळेना. "अहो, चार महिने आहेत की अजून! आम्ही सहा दिवसांत परत येणार." तिचं म्हणणं आपल्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. पण मलेशियाला पोचण्याच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते. मुलगी एकदा आईकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. ट्रॉलीवर वर ठेवलेल्या पिशवीत भडंगाचे डबे होते, प्रवासात लागतील म्हणून तिनेच भरलेले. सात जण पुढे गेले. हे चौघे रात्री गाडी करून परत निघाले. खंबाटकी घाट उतरेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, असं वडिलांनी नंतर सांगितलं.

ही सहा महिन्यांची अट बरेच देश लावतात. कारण साधं आहे. माणूस आजारी पडला, अपघात झाला, विमानं बंद पडली आणि मुक्काम लांबला, तर त्याचा पासपोर्ट त्यांच्या भूमीवर संपायला नको. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणून घरातले तेवढेच ध्यानात ठेवतात. मुलांचा सहसा पाच वर्षांचा असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. घरातले सगळे पासपोर्ट एकाच दिवशी काढले, तरी मुलांचे निम्म्या वेळात संपतात. तिकीट काढायच्या आधी, हॉटेल बघायच्या आधी, घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडून प्रत्येकाची शेवटची तारीख मोठ्याने वाचा. सांगली आणि सातारा हे आपले दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. साध्या रांगेत वेळ लागेल असं वाटलं तर तत्काळमध्ये दोन हजार रुपये जादा भरून काम होतं. बुडालेल्या चार तिकिटांपुढे ही रक्कम काहीच नाही.

मुदतीइतकीच पासपोर्टची तब्येत महत्त्वाची. हे मी सांगलीत बसून मुद्दाम सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, मग २०२१ चा जुलै. कितीतरी घरांत कपाटातले कागद पाण्यात गेले. लोकांनी पासपोर्ट वाळवले, उशीखाली दाबून सपाट केले आणि ठेवून दिले. माझ्यासमोर आलेल्या एका पासपोर्टची पानं फुगून पापडासारखी झाली होती, फोटोच्या पानाचा पापुद्रा एका कोपऱ्यातून सुटला होता आणि खालच्या दोन ओळींवर पाण्याचा डाग होता. त्या खालच्या दोन ओळी यंत्र वाचतं. यंत्राला वाचता आल्या नाहीत, किंवा फोटोचं पान उचकटलेलं दिसलं, तर पासपोर्टशी छेडछाड झाली असा संशय येतो. मुदत सात वर्षं शिल्लक असली तरी असा पासपोर्ट घेऊन निघू नका. खराब झाला म्हणून नव्याने काढून घेता येतो, त्याची तशी सोय अर्जातच आहे.

नावाचा विषय आपल्याकडे खास गुंतागुंतीचा आहे. आपण स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन्ही मिळून "दिलेलं नाव" होतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. तिकिटावरही तसंच, अक्षर न् अक्षर तसंच हवं. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहिलेला असतो आणि नवरा हौसेने बायकोचं तिकीट सासरच्या आडनावाने काढतो. असे दोन तरी प्रकार दर सीझनला माझ्याकडे येतात. तिकीट नेहमी पासपोर्ट समोर उघडा ठेवून काढायचं, आठवणीतून नाही. आडनावाचं स्पेलिंग डब्ल्यूने की व्हीने, शेवटी ए आहे की नाही, हे बघायचं. आधारवर वेगळं स्पेलिंग असलं तर असू दे, विमानतळावर पासपोर्टच बोलतो.

आणखी एक शिक्का लोकांना घाबरवतो. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा "ईसीआर" असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा ठरलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जायचं असेल तर आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. नोकरीसाठी जाणाऱ्या साध्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून हा नियम आहे. फिरायला जाणाऱ्याला ती मंजुरी लागत नाही. पण आपलं इमिग्रेशन अशा प्रवाशाला दोन प्रश्न जास्त विचारतं, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद हाताशी हवेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना, आयकर भरणाऱ्यांना हा शिक्का काढून घेता येतो. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्या पासपोर्टचं शेवटचं पान एकदा पाहून ठेवा.

आता दारातल्या प्रश्नांकडे. परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट जवळपास सगळीकडे लागतं. मुक्कामाचा पत्ता लागतो, आणि बुकिंग सगळ्या रात्रींचं असलेलं बरं. पहिल्या दोन रात्रींचं हॉटेल आणि पुढे "बघू तिथं गेल्यावर" ही आपली सवय महाबळेश्वरला चालते, परदेशात त्यामुळे शंका वाढते. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं पत्र, पत्ता, फोन आणि त्यांच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत घ्या. पैशाचा पुरावा म्हणजे थोडी रोख, कार्ड, आणि बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट. मॉरिशस तर दिवसाला माणशी शंभर डॉलर इतकी तजवीज असावी असं सांगून ठेवतं. त्यासाठी नोटांची थप्पी न्यायची गरज नाही. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचं फॉरेक्स कार्डवर. आपले रुपये पंचवीस हजारांपर्यंत जवळ ठेवता येतात, परत येताना मुंबईहून घरी यायला लागतातच.

मॉरिशसचा विषय निघाला म्हणून सांगतो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडून गेलेल्या माणसाला तिथे एकदम परकं वाटत नाही. पण कागदांच्या बाबतीत तिथला अधिकारी आपल्याला पाहुणा म्हणून सूट देईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

अलीकडे एक नवीन गोष्ट बऱ्याच देशांनी आणली आहे, ती म्हणजे ऑनलाइन आगमन कार्ड. पूर्वी विमानात हवाई सुंदरी एक चिठ्ठी द्यायची, पेन शोधत शोधत आपण ती भरायचो. आता तीच चिठ्ठी घरूनच मोबाइलवर भरायची. मलेशियाने २०२४ च्या सुरुवातीपासून आणि थायलंडने १ मे २०२५ पासून ती सक्तीची केली. दोन्हीकडे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची. फिलिपिन्सचंही तसंच, बहात्तर तासांच्या आत. मालदीवचं थोडं आधी, शहाण्णव तासांत. फार आधी भरायला गेलात तर फॉर्म घेतच नाही, आणि विसरलात तर रांगेबाहेर काढून भरायला लावतात. मुलांचंही वेगळं भरावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

हे कार्ड पूर्ण मोफत आहे, हे वाक्य कृपया घरात सगळ्यांना सांगा. गूगलवर शोधलं की वर येणाऱ्या काही साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि माणशी दोन-चार हजार मागतात. मिरजेच्या एका निवृत्त गुरुजींनी आपले आणि पत्नीचे असे पैसे भरले होते. वर पासपोर्टची सगळी माहिती परक्याच्या हातात गेली, ती वेगळीच. ओळखायचं कसं? पत्त्याचा शेवट बघा. थायलंडच्या सरकारी साइटचा शेवट "डॉट गो डॉट टीएच" असतो, मलेशियाचा "डॉट जीओव्ही डॉट एमवाय", फिलिपिन्सचा "डॉट जीओव्ही डॉट पीएच". शेवट नुसता "डॉट कॉम" असेल आणि पैसे मागत असेल तर बंद करा.

दिवस मोजण्याचा हिशेब वरवर सोपा, पण चुकतो. "तीस दिवस" म्हणजे एक महिना नव्हे. पोचल्याचा दिवस पहिला धरला जातो असं समजूनच मोजा. मुंबईहून पूर्वेकडची बरीच विमानं रात्री निघतात, त्यामुळे निघण्याची तारीख एक आणि पोचण्याची दुसरी. हिशेब पोचण्याच्या तारखेपासून. काही देश एका मुक्कामावर आणि एकूण दिवसांवर अशी दोन्ही बंधनं घालतात. कझाकस्तान एका वेळी चौदा दिवस देतं, पण १८० दिवसांत सगळे मिळून बेचाळीसच्या वर नाही. फिलिपिन्सने ८ जून २०२५ पासून आपल्याला चौदा दिवस दिले आहेत आणि ते तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाहीत. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला तिथल्या चलनात पाचशे बात दंड, कमाल वीस हजार. नव्वद दिवसांच्या वर गेलात तर दंडाशिवाय किमान एका वर्षाची प्रवेशबंदी लागते. एका दिवसाचा दंड भरून सुटता येईल, पण ती नोंद पुढे दुसऱ्या देशाचा व्हिसा मागताना आड येऊ शकते. म्हणून शेवटच्या दिवसाचं परतीचं विमान घेऊ नका. दोन दिवस हातचे राखा.

नेपाळ आणि भूतानचं गणित वेगळं आहे, कारण तिथे पासपोर्टशिवायही जाता येतं. नेपाळशी १९५० च्या करारापासून मोकळी ये-जा आहे. आपल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली मंडळी साऱ्या देशात नुसतं आधार कार्ड खिशात घालून फिरतात, त्यामुळे काठमांडूलाही आधार चालेल असं त्यांना सहज वाटतं. विमानाने जाताना ते चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक हवं. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांनाच फोटो असलेलं आधार, पॅन यांवर जाता येतं. म्हणजे आजोबा आणि नातू आधारवर जातील, मधल्या पिढीला मतदार कार्ड शोधावं लागेल. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मुलांचा जन्मदाखला, आणि तिथला परवाना. शिवाय मोठ्या माणसाला रात्रीला बाराशे रुपये विकास शुल्क. पाच रात्रींचे चार मोठ्यांचे चोवीस हजार होतात. टूरवाल्याने सांगितलेल्या रकमेत हे धरलंय का, ते आधी विचारा.

सामानाबद्दल थोडंच सांगतो. घरचं खाणं नेण्याला माझा विरोध नाही, भडंग आणि कंदी पेढे कुठल्या सीमेवर अडल्याचं मी पाहिलं नाही. पण अनारशाकडे लक्ष द्या. अनारशाला खसखस लावलेली असते, आणि दुबई, सिंगापूर इथे खसखशीला बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थाच्या कायद्यात येते. तुम्ही मॉरिशसला दुबईमार्गे जात असाल तरी ती पिशवी दुबईत उतरतेच. ताजी फळं, बियाणं, रोपं घेऊ नका. गोळ्या-औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या, खोकल्याची आणि झोपेची औषधं विशेषतः. ई-सिगारेट थायलंडमध्ये नेणं गुन्हा आहे, आपल्याकडेही २०१९ पासून बंदी आहेच. अंगावर भरपूर सोनं घालून जाणार असाल तर जाताना मुंबईच्या कस्टमकडून त्याचा दाखला घ्या, नाही तर परत येताना हे सोनं इथलंच होतं हे सांगताना नाकी नऊ येतात.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो, ते. व्हिसामाफी फिरण्यासाठी आहे, कामासाठी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत वाळवा, जत, खटाव, माण अशा भागांतली पंचविशीच्या आतली पोरं माझ्याकडे येऊन विचारतात, "बँकॉकचं एकेरी तिकीट कितीला? कंपनीने सांगितलंय, व्हिसा लागत नाही, तिथं गेल्यावर सगळं करून देतात." ऐकलं की पोटात गोळा येतो. संगणकावरचं काम, पगार लाखाच्या घरात, मुलाखत फोनवर. हाच मार्ग पुढे थायलंडच्या माए सोत गावापर्यंत जातो, तिथून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डीत. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या शेकडो भारतीयांना परत आणलं. इराणचंही तसंच झालं. त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला पंधरा दिवसांची माफी दिली होती. दलालांनी त्याचा फायदा घेऊन नोकरीच्या नावाखाली माणसं तिकडे नेली, तिथे त्यांना डांबून घरच्यांकडे खंडणी मागितली गेली, आणि शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती माफीच थांबवली.

कुणी नोकरी देतोय आणि पर्यटक म्हणून या म्हणतोय, तर तो खोटं बोलतोय. खरी नोकरी देणारी कंपनी कामाचा व्हिसा आधी काढते. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, तो नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासा. नंबर मागितल्यावर समोरचा चिडला, तर तिथूनच मागे फिरा. असं एकेरी तिकीट मी काढून देत नाही. धंदा गेला तर गेला. आईवडिलांना बोलावून घेतो आणि त्यांच्यासमोर बोलतो.

हे सगळे नियम बदलत राहतात, तेही ध्यानात असू द्या. सर्बियात आपण व्हिसाविना जात होतो, १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं. मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये तीस दिवसांची माफी सुरू केली, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. थायलंडने जुलै २०२४ मध्ये तीसचे साठ दिवस केले, आणि तेव्हापासून ते पुन्हा कमी करण्याची चर्चा तिथे होत आली आहे. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मेहुण्याचं ऐकून निघू नका. मोबाइलवर फिरणारी "भारतीयांना इतके देश व्हिसा फ्री" ही यादी तर अजिबात धरू नका, तिच्यात वर सांगितलेले सगळे प्रकार एकाच टोपलीत घातलेले असतात. तिकीट काढायच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाची साइट आणि तुमच्या विमान कंपनीची साइट उघडून बघा. मधे दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर त्या मधल्या देशाचे नियमही बघा. सामान उचलून पुन्हा द्यायचं म्हणजे तिथे इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, आणि मग तिथला व्हिसा लागू शकतो.

कागद मोबाइलमध्ये असतात हे खरं, पण छापूनही घ्या. बॅटरी संपते, परदेशात उतरल्यावर नेट चालत नाही, आणि मागे रांग खोळंबलेली असते. एक प्लास्टिकची फाइल घ्यायची. सगळ्यात वर परतीचं तिकीट, मग हॉटेल, मग आगमन कार्ड, मग बँकेचं स्टेटमेंट, शेवटी पासपोर्टच्या झेरॉक्स. मुलगा किंवा मुलगी फक्त आईबरोबर किंवा फक्त वडिलांबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला. काउंटरवरचा अधिकारी इंग्रजीत विचारतो म्हणून आपली माणसं गांगरतात. चार शब्द पुरतात. कशासाठी? टूरिस्ट. किती दिवस? सिक्स डेज. कुठे राहणार? हॉटेलचा कागद पुढे करायचा. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि घरातल्या सगळ्यांचं उत्तर एक हवं. वडील सहा दिवस म्हणाले आणि मुलगा आठवडा म्हणाला की प्रश्न वाढतात.

ते मेमध्ये परत आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आलं. मुलीचा पासपोर्ट नव्याने काढायला टाकला. वडिलांना पुन्हा पैसे घालायचं जिवावर आलं होतं, आईने ठरवलं की जायचंच. दिवाळीच्या सुट्टीत गेले. आगमन कार्डं मुलीने स्वतः भरली, चौघांची, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टची शेवटची तारीख एका वहीच्या पानावर लिहून फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. मी यावेळी सोडायला गेलो नव्हतो. रात्री साडेनऊला फोन वाजला, मागे विमानतळाची घोषणा ऐकू येत होती. आईचा आवाज होता. "दादा, बोर्डिंग पास मिळाले. चारही."